आरती पाठ नसली तरी चालेल, आरतीत काम द्या

नेदरलँड्समधल्या अॅम्स्टेलफेनहून एका आईने लिहिलं आहे. मुलगा दहा वर्षांचा, डच शाळेत ग्रूप सातमध्ये, मुलगी पाचची. घरात आईबाबा दोघं मराठी बोलतात, पण मुलगा उत्तर डचमध्ये देतो, फार तर इंग्रजीत. यंदा गणपतीत तिसरी आरती सुरू झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "अजून किती?" सासूबाई पुण्याहून दर फोनला मुंजीचा विषय काढतात. नवऱ्याचं म्हणणं, इथे राहायचं तर इथलं व्हावं, ओढूनताणून काही करू नये. पत्राच्या शेवटी त्यांनी एक यादी जोडली आहे: शुभंकरोती, रामरक्षा, मनाचे श्लोक, आरत्या, मराठी वाचन-लेखन, गुढी, गणपती, दिवाळी, हळदीकुंकू, मुंज. आणि प्रश्न असा की यातलं किती जमायला हवं होतं, आमचं कुठे कमी पडतंय?

मी इथे लोगोपेडिस्ट आहे, म्हणजे मुलांच्या वाचेवर आणि भाषेवर काम करते. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं हा माझा रोजचा विषय. शनिवारी मराठीचा वर्ग घेणं ही जुनी हौस. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी यादीबद्दल. ही यादी पुण्यातल्या घरालाही झेपत नाही. तिथे ती झेपल्यासारखी दिसते, कारण निम्मं काम परस्पर होत असतं. मांडव मंडळ घालतं, हळदीकुंकू शेजारच्या काकू करतात, श्लोक शाळेत होतात, आणि मराठी तर जिन्यात, दुकानात, बसमध्ये फुकट मिळते. इथे ते सगळं दोन माणसांच्या अंगावर येतं, नोकऱ्या सांभाळून. तेव्हा कमी पडतंय का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि यादी कापा. तीन गोष्टी ठेवल्यात तरी पुष्कळ झालं. कोणत्या तीन, हे मी सांगणार नाही, पण निवडताना एवढं बघा की मुलं नसती तरी तुम्ही दोघांनी हे केलं असतं का. ज्या घरात आईबाबा स्वतः कधी रामरक्षा म्हणत नाहीत, तिथे मुलाकडून ती पाठ करून घेतली की त्याला तो गृहपाठ वाटतो. त्याचं काही चुकत नाही, तो गृहपाठच असतो. याउलट आई रोज संध्याकाळी स्वतःसाठी दिवा लावत असेल, कुणाला बोलावत नसेल, तर वर्ष-दोन वर्षांत पाच वर्षांची मुलगी काडेपेटी मागायला येतेच.

आता मुलाच्या "अजून किती?"कडे येते. मला यात उद्धटपणा दिसत नाही. हा मुलगा निम्म्याच कळणाऱ्या शब्दांत, हात जोडून, मोठ्यांच्या घोळक्यात मागे उभा होता आणि त्याला करायला काहीही नव्हतं. कंटाळणार नाही तर काय? शिवाय इथल्या शाळेत त्याला पहिल्यापासून शिकवलंय की मनात आलं ते बोलून दाखवावं. बाईंना तो 'युफ' म्हणतो आणि पुढे त्यांचं पहिलं नाव लावतो. त्यात अनादर नसतो, आणि आरतीतल्या प्रश्नातही नव्हता. पाहुण्यांसमोर तो तुम्हाला टोचला, हे समजू शकते.

माझ्या ओळखीची जी मुलं पुढे विद्यापीठात गेल्यावर आपल्या भाड्याच्या खोलीत स्वतःहून गणपती आणतात, ती लहानपणी पाठांतरात पुढे होती असं मुळीच नाही. त्यांच्यात मला सारखी दिसते ती गोष्ट म्हणजे घरच्या गणपतीतलं एखादं काम त्यांच्या नावावर होतं. मखर त्यांचं, किंवा झांज त्यांची, किंवा प्रसाद किती लोकांना पुरेल याचा हिशेब त्यांचा. ते काम त्यांनी केलं नाही तर घरात खरोखर अडायचं. मुलांना हे बरोबर कळतं. 'मदत कर' म्हणून दिलेलं लुटुपुटीचं काम आणि आपल्यावाचून अडेल असं काम, यातला फरक पाच वर्षांच्या मुलीलाही समजतो.

तेव्हा पुढच्या गणपतीला मुलाला झांज द्या आणि ताल बिघडला तरी ओरडू नका. आरत्या तीनच म्हणा, पण कोणत्या तीन हे त्याला ठरवू द्या. या देशात १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात मजल्यागणिक धुराचा गजर सक्तीचा आहे, आणि कापूर लागला की तो कधी कोकलेल याचा नेम नाही. कापूर पेटायच्या आधी खिडकी उघडणं आणि गजराखाली लक्ष ठेवून उभं राहणं हे दहा वर्षांच्या मुलाच्या लायकीचं, जबाबदारीचं काम आहे. हसू नका, एका घरात हेच काम मुलाचं सर्वांत आवडतं आहे. मुलीला मोदकाला बसवा. तांदळाचं पीठ टोकोत, म्हणजे इथल्या आशियाई वाणसामानाच्या दुकानात, घेताना चिकट तांदळाचं पीठ उचलू नका, उकड पार बिघडते. साधं तांदळाचं पीठ बघून घ्या. तिचे मोदक फुटतील. फुटलेलेही नैवेद्यात ठेवा. मूर्ती शाडूची असू द्या आणि विसर्जन घरीच बादलीत करा, कालव्यात नको. ती माती मुलांना कुंडीत भरायला द्या. सप्टेंबर-ऑक्टोबर हे इथे ट्युलिपचे कंद लावायचे दिवस, त्यामुळे सगळं आपसूक जुळून येतं.

दिवाळीत तर तुमच्या हातात हुकमाचा पत्ता आहे, तुमच्या यादीत तो मला दिसला नाही. किल्ला! शिकवण्यासारखं त्यात काही नाही आणि करण्यासारखं भरपूर आहे, आणि आपल्याकडे हा मुलांचाच सण मानलेला आहे, मोठ्यांनी त्यात नाक खुपसलेलं चालत नाही. इथली ऑक्टोबरची शरद सुट्टी पुष्कळदा दिवाळीच्या आसपास पडते. बाल्कनीत जुनं पोतं, माती, दगड, थोडं अळीव पेरायचं. अळीव इथेही मिळतो आणि चार-पाच दिवसांत हिरवा होतो. शेजारची डच मुलं बोलवा. किल्ले बघायला त्यांना भाषा लागत नाही, आणि तुमच्या मुलाला त्यांना काहीतरी समजावून सांगावं लागतं. तो डचमध्येच सांगेल. सांगू द्या. बुरूज म्हणजे काय, माची कशाला म्हणतात, हे त्याला आधी तुमच्याकडून मराठीत समजून घ्यावं लागेल.

किल्ल्याला धरून इतिहासही सहज येतो, आणि तो त्याच्या शाळेतल्या इतिहासाशी जोडता येतो. डच ईस्ट इंडिया कंपनी शाळेत शिकवतातच. त्या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत, आणि वेंगुर्ल्याच्या डचांच्या पत्रव्यवहारात शिवाजी महाराजांचे उल्लेख आहेत. अॅम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियमच्या संग्रहात सतराव्या शतकात काढलेलं महाराजांचं लघुचित्र आहे. कागदावरची चित्रं तिथे कायम मांडलेली नसतात, पण संकेतस्थळावर मोठी करून पाहता येतात, आणि अठरा वर्षांखालच्यांना संग्रहालय फुकट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले: अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. यातला दरवर्षी एक बांधायचा म्हटलं तर तो बावीस वर्षांचा होईपर्यंत पुरतील. मुलांना 'आपला इतिहास महान आहे' असं सांगून फार काही हाती लागत नाही. पण त्याच्या वर्गात शिकवलेल्या जहाजांमधलं एक जहाज आजोबांच्या कोकणात लागत होतं, हे कळल्यावर त्याचे डोळे चमकतात, हे मी पाहिलंय.

रजेचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. इथल्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात धार्मिक कर्तव्यासाठी रजेची सोय आहे. शाळेला किमान दोन दिवस आधी कळवायचं, एका सणाला साधारण एक दिवस. हिंदू मुलांसाठी सहसा दिवाळी आणि होळी धरतात. गणपतीला मिळेल असं गृहीत धरू नका, मुख्याध्यापकांशी बोला.

आणि इथल्या सणांशी भांडण मांडू नका. ११ नोव्हेंबरला सिंट मार्टेनच्या संध्याकाळी तुमच्या गल्लीतली मुलं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात. दिवाळीचा आकाशकंदील तेव्हा अजून खिडकीत असतोच. तो उतरवायची घाई करू नका, आणि कंदील बनवायला बसाल तेव्हा दोन्ही एकाच दुपारी बनवा. ५ डिसेंबरला सिंटरक्लासच्या भेटीबरोबर यमक जुळवून कविता लिहायची इथली पद्धत आहे, ज्याला भेट द्यायची त्याची जरा चेष्टा करणारी. आपला उखाणा याहून फार वेगळा नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांसाठी चार ओळी लिहिल्या होत्या, दोन डच, दोन मराठी, आणि मराठीतलं यमक 'बाबा' आणि 'डबा'. एरवी हाच मुलगा मराठी लिहायला अर्धा तास रडायचा.

आता भाषा. इथे माझा धंदा असल्यामुळे जरा ठामपणे बोलते.

मुलगा डचमध्ये उत्तर देतो याचा अर्थ त्याला मराठी येत नाही असा नाही. त्याला कळतं सगळं, बोलायची गरज पडत नाही. तुम्हा दोघांना डच आणि इंग्रजी समजतं हे त्याला ठाऊक आहे, मग तो सोपा रस्ता धरतो. बेल्जियमच्या डचभाषक भागात, म्हणजे आपल्या शेजारीच, अॅनिक द हाउवर या संशोधिकेने सुमारे एकोणीसशे कुटुंबांची माहिती गोळा केली. २००७ साली ती प्रसिद्ध झाली. या सगळ्या घरांत आई किंवा वडील, निदान एक जण तरी, डचखेरीज दुसरी भाषा बोलत होते. तरी साधारण पाव घरांतली मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. जिथे आईबाबा दोघंही घरात तीच भाषा बोलत होते तिथे मात्र बहुतेक मुलं ती बोलत होती. 'एकाने एक भाषा, दुसऱ्याने दुसरी' या सल्ल्याचा फार गवगवा आहे, पण त्याने खात्री मिळत नाही. दोघं मराठी बोलत असाल तर तुमचा पाया भक्कम आहे. तो हलू देऊ नका, एवढंच.

म्हणजे रोज काय करायचं? तो डचमध्ये बोलला की तुम्ही मराठीतच उत्तर द्या. 'मराठीत बोल' असं म्हणू नका. जेवताना, शाळेतून आल्याआल्या, रडत असताना तर अजिबात नको. त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि आपण त्याला भाषेवर अडवतो; असं चार वेळा झालं की तो सांगणंच थांबवतो, आणि ते नुकसान मराठी गेल्याच्या नुकसानाहून मोठं आहे. त्याचंच वाक्य मराठीत घोळवून परत द्या. तो म्हणाला, आज जिममध्ये गुडघ्याला लागलं, की तुम्ही, "गुडघ्याला लागलं? कितपत? खरचटलं की सुजलंय?" एका उत्तरात त्याला तीन शब्द मिळाले. सरमिसळ करतो म्हणून घाबरू नका, दोन भाषांची मुलं सरमिसळ करतात आणि समोरचा माणूस बघून ती आवरतातही. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं, गोंधळ होतो, ही भीती खोटी आहे. खरा भाषादोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. कुठे 'घरी डच बोला' असा सल्ला मिळाला तर नम्रपणे मान हलवा आणि घरी येऊन मराठी बोला. तुमची डच ऐकून मुलाची डच सुधारणार नाही. ती सुधारायला त्याची अख्खी शाळा आहे.

वाचन-लेखनाबद्दल मी जरा वेगळं सांगते, माझ्याच वर्गातल्या काही पालकांना ते पटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला बाराखडी गिरवायला लावून मराठी टिकत नाही. बोलणं टिकलं तर लिपी पंधराव्या वर्षीही सहा महिन्यांत येते, त्याला हवी असेल तर. बोलणं गेलं तर गिरवलेली बाराखडी कशालाच उपयोगी नाही. मुलगी पाचची आहे, तिला रात्री गोष्ट वाचून दाखवा, बोट अक्षरांखालून फिरवत. तिची लिपी तशी येईल.

बोलायची गरज मात्र तुम्हाला निर्माण करावी लागेल, आणि तिच्यासाठी सर्वांत चांगलं माणूस म्हणजे ज्याला डच येत नाही ते. आजी. पुष्कळ शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. इथे दीड वाजला की पुण्यात उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सहा. चहा झालेला असतो आणि मालिका सुरू व्हायच्या असतात. हा फोन मुलाचा. तुम्ही खोलीत थांबू नका. थांबलात की आजी तुमच्याशी बोलतात आणि मुलगा 'हो, बरा आहे, जेवलो' एवढं म्हणून सुटतो. फोनला काहीतरी निमित्त द्या: आजोबांनी पहिली सायकल कधी घेतली, आजीच्या शाळेत मुली किती होत्या, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा घरात पाणी कुठवर आलं होतं. ते १२ जुलै १९६१ ला घडलं. पुण्यातल्या त्या वयाच्या माणसांकडे याची गोष्ट हमखास असते. अमेरिकेत एमरी विद्यापीठात रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी वीस प्रश्नांची एक यादी केली होती: आजीआजोबा कुठे भेटले, आईबाबा कुठे वाढले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असले प्रश्न. ज्या मुलांना याची उत्तरं येत होती ती स्वतःबद्दल अधिक निश्चिंत दिसली. याने त्याचं कारण सिद्ध होत नाही. ज्या घरात गप्पा होतात तिथे इतरही पुष्कळ चांगलं होत असतं. पण फुशारकीच्या गोष्टींबरोबर पडझडीच्याही सांगा, हा ड्यूक यांचा आग्रह मला पटतो. आजोबांची नोकरी गेली होती तेव्हा घर कसं चाललं, हे मुलाला कळू द्या. मूल्यं वगैरे ज्याला म्हणतात ती अशा गोष्टींतून जेवढी पोचतात तेवढी मनाच्या श्लोकांतून पोचताना मी तरी पाहिलेली नाहीत, आणि मला श्लोक आवडतात.

नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल. 'इथलं व्हावं' यात काही वाईट नाही, पण इथलं होणं आणि आपलं सोडणं यांची सांगड त्यांनी का घातली आहे? त्यांना एकदा ट्रेनने हेगला घेऊन जा, ट्रान्सव्हाल भागात, पॉल क्रूगरलानवर. नारळ, कापूर, पूजेची ताटं, मिठाई सगळं तिथे मिळतं. दुकानं बहुतेक सुरिनामी हिंदुस्तान्यांची. त्यांचे पूर्वज कलकत्त्याहून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेले, उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून; पहिलं जहाज १८७३ सालचं, लाला रूख. १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार माणसं अशी नेली गेली. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांतले पुष्कळ जण इकडे आले. दुकानातला पंचविशीतला मुलगा पक्का डच आहे, फुटबॉलवर तुमच्यापेक्षा जास्त तावातावाने बोलेल, आणि फगव्याला, म्हणजे होळीला, रंग खेळतो. पाचवी पिढी, दोन स्थलांतरं.

त्यांच्याकडे काय टिकलं आणि काय गळलं हे बघण्यासारखं आहे. टिकलं ते घरातलं आणि हातातलं: स्वयंपाक, होळी, दिवाळी, लग्नातले विधी, सारनामी बोली. जात जहाजातच बरीच सैल झाली, कारण एका जहाजातून आलेले ते जहाजी भाई, आणि एका बराकीत राहणाऱ्यांना शिवाशिव परवडत नव्हती. आपली माणसं मॉरिशसला गेली त्यांचंही असंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गेलेल्यांच्या वंशजांच्या तोंडी आज बहुतेक क्रिओल आहे, पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि झाकरी अजून नाचली जाते. उलट तंजावरची मराठी घरं घ्या. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं, तेव्हापासून बाहेर तमिळ आणि आत मराठी असं साडेतीनशे वर्षं चाललं आहे. त्यांची मराठी आपल्याला ऐकायला वेगळी लागते, पण ती त्यांच्या माजघरात जिवंत आहे. यजमानांना विचारा, यांतलं कोण 'इथलं' झालं नाही?

मुंजीचा प्रश्न यावरून सोपा होत नाही, पण जरा मोकळा होतो. मुलाला विचारा. नुसतं 'करायची का' असं नको. मुंज म्हणजे काय, त्यात काय करतात, तुझ्या बाबांची कशी झाली, फोटो दाखवून सांगा आणि मग विचारा. दहा वर्षांचा मुलगा मत द्यायला पुरेसा मोठा आहे. पुढच्या वर्षी ग्रूप आठ, म्हणजे माध्यमिक शाळेचा सल्ला आणि परीक्षा, त्यामुळे करायचीच तर तारीख बघताना तेवढं भान ठेवा. दोन प्रश्न येणार, त्यांची तयारी ठेवा. पहिला मुलीचा: माझी कधी? याला 'मुलींची नसते' एवढं उत्तर तिला पुरणार नाही, आणि ते खरंही नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी मुलींचंही उपनयन करते, पौरोहित्यही स्त्रिया करतात, आणि मुलामुलींसाठी विद्याव्रत संस्कार नावाचा वेगळा विधीही त्यांनी बसवला आहे. दोघांचं एकत्र काही करता येईल का हे सासूबाईंच्या कानावर घाला, त्या तुम्हाला वाटतं तेवढ्या विरोधात नसतील.

दुसरा प्रश्न मुलाचा, आणि तो आज ना उद्या येतोच: सगळ्यांची मुंज होते का? कुणाची नाही होत? का? इथे बहुतेक आईबाबा विषय बदलतात. बदलू नका. जात काय होती, कुणावर काय अन्याय झाला, आपल्या घरात कोणत्या गोष्टी चालत होत्या, हे त्याच्या वयाला झेपेल तेवढं सरळ सांगा. नाहीतर तो ते इतरत्र वाचेल आणि घरात हे का लपवलं, असं विचारेल. सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी केली, तेव्हा बातमी जगभर गेली होती. आपल्या मंडळींच्या समूहांत त्यावर काय काय बोललं गेलं ते मुलांनीही वाचलं. घरी साफसफाईला येणाऱ्या बाईंशी तुम्ही कसं बोलता, मंडळाच्या जेवणात कोण कुठल्या टेबलाला बसतं, आडनाव ऐकल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे मुलगा रोज बघतो आहे. संस्कार होत आहेत, त्याची काळजी नको. कोणते होत आहेत तेवढं बघा.

हळदीकुंकू आवडत असेल तर करा, नसेल तर सोडा. मनात नसताना केलेलं हळदीकुंकू मुलींना लगेच ओळखू येतं. कुर्ता घालायचा की नाही यावर एक शब्दही खर्च करू नका.

सासूबाईंना आणि सासऱ्यांना बोलवा, फोनवरच्या वादापेक्षा ते बरं. शेंगेन व्हिसावर त्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि एवढे पुरतात. मे ते जुलै धरलंत तर शाळाही चालू असते आणि उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांतला सुरुवातीचा तुकडाही मिळतो. त्या आल्या की पहिला आठवडा तुम्ही रजा घेऊन त्यांच्या दिमतीला राहू नका. आजीला ट्रामचं कार्ड कुठे टेकवायचं, दुकानात कोथिंबीर कुठल्या फळीवर असते, सायकलच्या वाटेवर का उभं राहायचं नाही, हे सगळं शिकवायचं काम मुलाकडे द्या. तिला डच येत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि तिला रस्ता ओलांडून सुखरूप आणायची जबाबदारी त्याची. पहिले चार दिवस तो हातवारे करेल, पाचव्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातून ऐकाल, "आजी, थांब ना, लाल आहे!" दुरुस्त करायला धावू नका. मुंजीचं बोलणंही तेव्हाच, समोरासमोर, मुलाला बरोबर बसवून करा. आणि तिकीट काढताना परतीची तारीख मोजून घ्या. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्या ९० मध्येच धरतात.